जामीनदार सम्राट

आपला प्रश्न दोन भागांत आहे. ज्या फ्रेंच लोकांनी १७९३ मध्ये आपल्या राजाचा शिरच्छेद केला, त्यांनीच बारा वर्षांच्या आत नेपोलियन नावाच्या एका सेनापतीला सम्राट म्हणून कसे स्वीकारले? आणि रशियातील थंडीने घात केला नसता तर ते साम्राज्य टिकले असते का? स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत या दोन भागांची उत्तरे दोन वेगळ्या प्रकरणांत दिलेली असतात, एकीकडे ‘उदयाची कारणे’ आणि दुसरीकडे ‘पतनाची कारणे’, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच होतो. पदव्युत्तर वर्गांना आधुनिक युरोपचा इतिहास मी जवळपास तीस वर्षे शिकवला. सुरुवातीला मीही फळ्यावर खंडीय नाकेबंदी (इंग्लंडच्या मालाला युरोपबंदी), स्पेन आणि रशिया अशा नेपोलियनच्या तीन चुका लिहून देत असे आणि मुले त्या इमानेइतबारे पाठ करीत. एकदा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, इतका हुशार माणूस एकाच तऱ्हेची चूक तीनदा करतो, तेव्हा तिला चूक म्हणायचे की नाइलाज?’ मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. पुढे जे उत्तर सापडले तेच येथे मांडतो.

एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. या साम्राज्याकडे कोण पाहतो यावर उत्तर बरेच बदलते. ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावरील व्यापाऱ्याला फ्रेंच कायदा इतका सोयीचा वाटला की फ्रेंच निघून गेल्यावरही त्या प्रदेशात तो १९०० सालापर्यंत चालू राहिला. वॉर्सा येथील उमरावाला याच साम्राज्यात पोलंडच्या पुनर्जन्माची आशा दिसली. कॅरिबियन समुद्रातील सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीतील, क्रांतीने मुक्त केलेल्या गुलामाला मात्र १८०२ मध्ये फौज घेऊन आलेले जहाज दिसले. त्याच वर्षी फ्रान्सने वसाहतींतील गुलामगिरीला पुन्हा कायद्याचे संरक्षण दिले, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला तो त्या फौजेचा पराभव करूनच. फ्रेंच स्त्रीच्या वाट्याला दिवाणी संहितेतील ‘पत्नीने पतीची आज्ञा पाळावी’ हे कलम आले. मी पुढे जे लिहितो ते मुख्यतः फ्रान्समधील मालमत्ताधारक पुरुषाच्या बाजूने पाहून, कारण साम्राज्य उभे राहिले ते त्याच्या संमतीवर आणि पडले तेही त्याने पाठ फिरवल्यावर.

क्रांतीकडे केवळ तिच्या घोषणांतून पाहिले तर हा सम्राट उमगत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी सात-बाराचा उतारा डोळ्यांसमोर आणायला सांगतो. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढण्याचा निर्णय घेतला. २ नोव्हेंबर रोजी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या हवाली करण्यात आली आणि पुढे देश सोडून गेलेल्या उमरावांच्या जमिनींचीही तिच्यात भर पडली. एकट्या चर्चकडे देशातील सहा ते दहा टक्के जमीन होती. ही सारी ‘राष्ट्रीय मालमत्ता’ लिलावात निघाली. ती सगळी गरीब कुळांना मिळाली असा समज आहे, तो खरा नाही. मोठे तुकडे शहरातील वकिलांनी, व्यापाऱ्यांनी आणि सधन शेतकऱ्यांनी घेतले, तर लहान शेतकऱ्यांच्या हाती जे आले ते बहुधा तुकड्यातुकड्यांनी. परंतु त्या सर्वांची चिंता एकच होती. खरेदीखत हातात होते, पण जुना मालक सीमेपलीकडे जिवंत होता, परत येण्याची वाट पाहत होता, आणि खत देणारे सरकार उद्या असेल की नाही याचा भरवसा नव्हता.

तो भरवसा देणे पुढील दहा वर्षांत कोणत्याही सरकारला जमले नाही. घटनात्मक राजेशाही १७९२ मध्ये संपली, प्रजासत्ताकाने दहशतीचे राज्य पाहिले, आणि जुलै १७९४ मध्ये त्या दहशतीचा सूत्रधार रोबेस्पिअर पडल्यानंतर पाच संचालकांचे जे मंडळ सत्तेवर आले त्याची प्रतिष्ठा फार लवकर संपली. त्याच जमिनींच्या तारणावर काढलेल्या ‘असिन्या’ नावाच्या कागदी चलनाची किंमत इतकी घसरली की फेब्रुवारी १७९६ मध्ये ते छापण्याची साधने पॅरिसच्या चौकात जाहीरपणे जाळण्यात आली. १७९७ मध्ये सरकारने स्वतःच्या कर्जरोख्यांचा दोन-तृतीयांश भाग जवळपास बुडवला. निवडणुकीत राजनिष्ठ निवडून आले म्हणून १७९७ मध्ये, आणि जहाल निवडून आले म्हणून १७९८ मध्ये, सरकारने निकालच फिरवले. मताला किंमत नाही, हा धडा फ्रेंच मतदाराला नेपोलियनने दिला नाही. प्रजासत्ताकाने तो आधीच देऊन ठेवला होता. परीक्षेच्या उत्तरांत हा मुद्दा मला क्वचितच आढळला आणि तो नसेल तर पुढचे सगळे चमत्कारासारखे वाटते.

१७९९ मध्ये संचालक मंडळातील सिएस यांना घटना बदलण्यासाठी एक ‘तलवार’ हवी होती. त्यांची नजर ज्याच्यावर होती तो जनरल जूबेर १५ ऑगस्ट १७९९ रोजी इटलीतील नोव्ही येथे लढताना मारला गेला. योगायोग असा की त्याच दिवशी नेपोलियनला तीस वर्षे पूर्ण झाली. हा त्या वेळी इजिप्तमध्ये अडकून पडला होता. तेथूनच त्याने टिपू सुलतानाला मदतीचे आश्वासन देणारे पत्र पाठवले होते, ते इंग्रजांच्या हाती लागले आणि श्रीरंगपट्टण मे महिन्यातच पडले. ऑक्टोबरमध्ये तो फौज मागे ठेवून फ्रान्सला परतला आणि ९ व १० नोव्हेंबरच्या सत्तापालटात सामील झाला. त्या दुसऱ्या दिवशी पॅरिसजवळील सां-क्लू येथे विधिमंडळाच्या पाचशेंच्या सभागृहात त्याला धक्काबुक्की झाली, ‘याला कायद्याबाहेर घाला’ असा गलका उठला आणि हा गांगरला. वेळ सावरली ती त्या सभागृहाचा अध्यक्ष असलेल्या त्याच्या धाकट्या भावाने, ल्यूसियांने. सैनिकांना आत बोलावण्याचे निमित्त त्यानेच पुरवले. नेपोलियनची सत्ता म्हणजे एका अद्वितीय पुरुषाच्या इच्छाशक्तीचे फळ, असे ज्यांना वाटते त्यांनी ही दुपार विसरू नये.

त्यानंतरच्या साडेचार वर्षांचे काम मात्र खरोखर थक्क करणारे आहे, आणि ते एका सूत्रात बसते. १८०० मध्ये बँक ऑफ फ्रान्स आणि प्रत्येक विभागात केंद्राने नेमलेला प्रीफेक्ट, म्हणजे प्रशासक, आला. १८०३ मध्ये पाच ग्रॅम वजनाच्या चांदीचा फ्रँक आला आणि त्याचे मूल्य पहिल्या महायुद्धापर्यंत टिकले. १८०१ मध्ये पोपशी झालेल्या कराराकडे बहुतेक जण धार्मिक समेट म्हणून पाहतात. पण त्याचे तेरावे कलम वाचले तर मर्म कळते. विकल्या गेलेल्या चर्चच्या जमिनींच्या खरेदीदारांना आपण किंवा आपले उत्तराधिकारी त्रास देणार नाही, असे त्यात पोप सातव्या पायसने मान्य केले आहे. १८०२ मध्ये परागंदा उमरावांना परत येण्याची मोकळीक मिळाली, तीही याच अटीवर की विकल्या गेलेल्या जमिनींवर हक्क सांगायचा नाही. २१ मार्च १८०४ रोजी जारी झालेल्या दिवाणी संहितेने खासगी मालकीला सर्वांत भक्कम कायदेशीर पाया दिला. थोडक्यात, ज्या सौद्याला दहा वर्षे कोणी जामीन राहायला तयार नव्हते त्याला नेपोलियन जामीन राहिला.

मग सत्तापालटानंतर मिळालेले कॉन्सल, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख शासक, हे पद का पुरले नाही, सम्राटच कशाला हवा होता? येथे जामिनाचा तर्कच पुढे चालतो. डिसेंबर १८०० मध्ये त्याच्या गाडीच्या वाटेवर दारूगोळ्याचा स्फोट झाला. १८०४ च्या आरंभी राजनिष्ठांचा आणखी एक कट उघड झाला. एका गोळीने जामीनदार गेला तर सगळी खरेदीखते पुन्हा वाऱ्यावर, अशी भीती पसरली आणि ती पद्धतशीरपणे पसरवण्यातही आली. कटाचा सूड म्हणून बूर्बाँ या जुन्या राजघराण्यातील आंगियाँच्या ड्यूकला शेजारच्या जर्मन प्रदेशातून पळवून आणून गोळ्या घालण्यात आल्या, त्या नेमक्या २१ मार्च १८०४ रोजी. म्हणजे संहिता जारी झाली त्याच दिवशी. क्रांतीच्या बाजूच्या लोकांना यातून एक खूण पटली, की राजरक्ताने हात माखलेला हा माणूस आता बूर्बाँकडे परत जाऊ शकणार नाही. वंशपरंपरेचा उपाय त्यांना राजेशाहीकडे परतण्याचा मार्ग वाटला नाही. तो राजेशाहीविरुद्ध उतरवलेला विमा वाटला.

शब्दही त्याच काळजीने निवडलेले होते. मे १८०४ च्या घटनादुरुस्तीचे पहिलेच कलम म्हणते की ‘प्रजासत्ताकाचे शासन’ एका सम्राटाकडे सोपवण्यात येत आहे. १८०८ पर्यंतच्या अनेक नाण्यांवर एका बाजूला सम्राट नेपोलियन आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंच प्रजासत्ताक, असे दोन्ही मजकूर सुखाने नांदतात. वर्गात मी अशा नाण्याचे छायाचित्र फिरवीत असे, कारण ते पाहिल्यावर अर्धे व्याख्यान वाचत असे. २ डिसेंबर १८०४ रोजी नोत्र दाम येथे पोपच्या उपस्थितीत त्याने मुकुट आपल्या हातांनी चढवला, हे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर घेतलेली शपथ फार थोड्यांना ठाऊक असते. प्रजासत्ताकाच्या भूमीची अखंडता, उपासनेचे स्वातंत्र्य आणि हक्कांची समानता यांच्या जोडीला ‘राष्ट्रीय मालमत्तेच्या विक्रीचे अपरिवर्तनीयत्व’ राखण्याची शपथ तीत आहे. जमिनीच्या खरेदीखतांचे संरक्षण करण्याची शपथ घेऊन गादीवर बसलेला दुसरा सम्राट मला तरी आठवत नाही.

सार्वमताच्या आकड्यांबद्दल सावध राहा. १८०४ मध्ये सुमारे पस्तीस लाख होकार आणि २,५६९ नकार नोंदले गेले. मतदान गुप्त नव्हते. उघड्या नोंदवहीत नावानिशी मत द्यायचे होते. १८०० च्या सार्वमतात तर गृहमंत्री असलेल्या ल्यूसियांने आकडे जवळपास दुप्पट फुगवून तीस लाखांवर नेले होते. तेव्हा हे आकडे उत्साहाचा पुरावा म्हणून वापरू नयेत. नकार देण्याइतके कोणाचे नुकसान होत नव्हते, एवढे मात्र त्यांवरून म्हणता येते, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे.

इथपर्यंतचे सार एवढेच की लोकांनी स्वातंत्र्य देऊन हमी घेतली. आता दुसऱ्या भागाकडे येऊ. ज्याची हमी घ्यायची त्याची स्वतःची पत कशावर उभी होती? जुन्या राजांची पत काळावर उभी होती. याची पत विजयावर. जून १८१३ मध्ये ड्रेस्डेन येथे ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटर्निख याच्याशी झालेल्या दीर्घ भेटीत नेपोलियनने हे स्वतःच सांगितल्याची नोंद मेटर्निखने केली आहे: जन्मतः गादीवर बसलेले राजे वीस वेळा हरूनही आपल्या राजधानीत परत जाऊ शकतात, आपल्याला ते शक्य नाही, कारण आपण सैनिकातून वर आलो आहोत. मेटर्निखच्या आठवणींत आत्मस्तुती भरपूर आहे, त्यामुळे प्रत्येक शब्द जसाच्या तसा घेऊ नये; पण आशय नेपोलियनच्या वर्तनाशी जुळतो.

विजयाला खर्च लागतो, आणि तो फ्रेंच मालमत्ताधारकावर टाकायचा नाही हा या राज्याचा अलिखित नियम होता. ऑस्टरलिट्झच्या पराभवानंतर ऑस्ट्रियाकडून चार कोटी फ्रँक घेतले गेले, येनानंतर प्रशियावर त्याच्या कित्येक पट खंडणी लादली गेली, आणि फौजा शक्यतो परक्या भूमीवर, परक्यांच्या कोठारांवर पोसल्या गेल्या. फ्रान्समध्ये जमिनीवरील कर फारसा वाढवला गेला नाही. दारू, मीठ आणि तंबाखू यांवरील अप्रत्यक्ष कर मात्र एकेक करून परत आले. सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा १७९८ चा, म्हणजे क्रांतीचाच. त्यात पुढे पैसे मोजून बदली माणूस पाठवण्याची सोय झाली, म्हणून सधन घरातील मुलगा बहुधा घरी राहत असे. हा हिशेब जमेच्या बाजूला राहिला तोवर, म्हणजे साधारण १८०७ पर्यंत, फ्रान्समधील जाणत्या माणसाला साम्राज्य स्वस्त वाटत होते. मात्र यात एक मेख होती. पोसलेली फौज स्वदेशी आणली की तिचा खर्च स्वदेशावर येणार. म्हणून शांतता या साम्राज्याला परवडत नव्हती.

इंग्लंडपाशी हे यंत्र अडले. २१ ऑक्टोबर १८०५ च्या ट्रफाल्गरच्या सागरी पराभवानंतर समुद्र ओलांडणे अशक्य झाले, तेव्हा २१ नोव्हेंबर १८०६ च्या बर्लिन हुकमाने इंग्लंडचा माल युरोपात येऊ द्यायचा नाही असे ठरले. नाकेबंदी ही धरणाच्या भिंतीसारखी असते. एक भोक राहिले तरी तिचा उपयोग नाही. पोर्तुगाल ऐकेना म्हणून तिकडे फौज, तिची वाट स्पेनमधून म्हणून स्पेनची गादी, पोप तटस्थ राहतो म्हणून १८०९ मध्ये त्याचे राज्य, हॉलंडचा राजा असलेला सख्खा भाऊ लुई चोरट्या व्यापाराकडे डोळेझाक करतो म्हणून १८१० मध्ये हॉलंड, मग हँबुर्ग, मग रशियाच्या झारच्या बहिणीचे सासर असलेले ओल्डेनबुर्ग. १८११ मध्ये ‘फ्रान्स’ १३० विभागांचा झाला होता आणि रोम व हँबुर्ग ही दोन्ही शहरे त्यात होती. एवढे करून महसुलाची तूट भरण्यासाठी नेपोलियन स्वतःच परवाने विकून इंग्लंडशी निवडक व्यापार करू देत होता. इतरांच्या बंदरांवर पहारा आणि आपल्या तिजोरीसाठी परवाना, हे झारला दिसत नव्हते असे नाही. डिसेंबर १८१० च्या अखेरीस त्याने तटस्थ जहाजांना बंदरे उघडली आणि फ्रेंच चैनीच्या मालावर जबर जकात बसवली. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे: तीन चुका म्हणून ज्या शिकवल्या जातात त्या एकाच दोरीच्या तीन गाठी आहेत.

स्पेनवर थोडे अधिक थांबतो, कारण आपल्या भूमीशी त्याचा खरा धागा आहे. मे १८०८ मध्ये माद्रिद पेटले आणि जुलैत बायलेन येथे एक संपूर्ण फ्रेंच सैन्य शरण गेले. ‘गनिमी युद्ध’ या अर्थाचा ‘गेरिला’ हा स्पॅनिश शब्द जगभर गेला तो याच युद्धातून. शेतकरी राजाविरुद्ध लढतात हे फ्रान्सने जगाला दाखवले होते. शेतकरी ‘मुक्तिदात्या’विरुद्धही लढतात हे स्पेनने फ्रान्सला दाखवले. तेथे इंग्रजी फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हाच वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढला होता, नोव्हेंबरात अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर. असईची चर्चा आपल्याकडे शिंद्यांच्या कवायती पलटणी, तोफा आणि सोडून गेलेले युरोपीय अधिकारी यांच्या अंगाने होते, ती रास्तच आहे. पण दख्खनने वेलस्लीला आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे बैल आणि धान्य. दुष्काळाने पोळलेल्या मुलखात लमाणांचे तांडे वेळेवर आले नाहीत तर जिंकलेली लढाईही वाया जाते, हे त्याने येथे अनुभवले. स्पेन-पोर्तुगालमध्ये त्याची फौज शक्यतो दाम मोजून धान्य घेत होती आणि खेचरांच्या तांड्यांवर चालत होती, तर फ्रेंच फौज गावे ओरबाडून जगत होती. १८१० च्या शरदात मार्शल मासेना लिस्बनजवळच्या तोरेस वेद्रासच्या तटबंदीसमोर येऊन थांबला, तेव्हा पुढचा मुलूख आधीच रिकामा केलेला होता. मार्च १८११ मध्ये तो मागे फिरला तोवर त्याने वीस-पंचवीस हजार माणसे गमावली होती, त्यांतली बहुसंख्य उपासमारीने आणि रोगराईने. रशियात जे घडायचे होते त्याची ही रंगीत तालीम, आणि तीही पोर्तुगालच्या सौम्य हवेत.

म्हणून थंडीच्या मुद्द्याला मी दुय्यम स्थान देतो. २४ जून १८१२ रोजी नेमान नदी ओलांडायला सुरुवात झाली; मोहिमेत मागाहून आलेल्या तुकड्यांसह सहा लाखांच्या आसपास सैन्य उतरले आणि त्यातले निम्मे तरी फ्रेंच नव्हते. पहिल्याच आठवड्यांत पाऊस, उष्मा आणि ओला चारा यांनी हजारो घोडे मेले, आणि घोडे गेले म्हणजे रसद गेली. आमांश आणि टायफस उन्हाळ्यातच सुरू झाले. ७ सप्टेंबरला बोरोदिनोच्या लढाईत नेपोलियनच्या हाताशी जेमतेम एक लाख तीस हजार माणसे होती. बाकीची काही मागच्या ठाण्यांवर व बगलांवर ठेवलेली, आणि फार मोठी संख्या आजारी, मेलेली किंवा पळालेली. बर्फ पडायला लागला तो नोव्हेंबरच्या आरंभी. म्हणजे साम्राज्याची मुख्य फौज वितळली ती उन्हात. बर्फाने आणि बेरेझिना नदीने उरलेल्यांचा शेवट केला, ते भयानकच होते. पण मुळात ही फौज परक्यांच्या कोठारांवर जगण्यासाठी घडवलेली होती आणि येथे कोठारेच नव्हती. सौम्य हिवाळा असता तर अधिक माणसे जिवंत परतली असती. झार तहाला आला असता, असे मानायला मात्र मला कोणताही आधार दिसत नाही.

नेपोलियनने मॉस्को सोडल्याला चार दिवस झाले होते, तेव्हा पॅरिसमध्ये जे घडले ते माझ्या मते रशियातील कोणत्याही लढाईहून अधिक बोलके आहे. जनरल माले नावाचा एक नजरकैदेतील प्रजासत्ताकवादी २३ ऑक्टोबर १८१२ च्या पहाटे निसटला. सम्राट मॉस्कोपाशी मरण पावला आणि सिनेटने हंगामी सरकार नेमले आहे, अशी बनावट कागदपत्रे घेऊन तो बराकींत गेला. काही तास त्याचे सगळे खरे मानले गेले. पोलीसमंत्री साव्हारी आणि पोलीस प्रीफेक्ट पास्किए यांना अटक होऊन तुरुंगात टाकले गेले. पॅरिसचा प्रीफेक्ट नव्या सरकारसाठी नगरभवनात दालन तयार करू लागला. दुपारपर्यंत डाव उधळला आणि महिनाअखेरीस मालेला गोळ्या घातल्या गेल्या. नेपोलियनला ही बातमी माघारीच्या वाटेवर, नोव्हेंबरात कळली, आणि कटापेक्षा त्याला एका गोष्टीचा जास्त धक्का बसला. सम्राट मेला असे ऐकल्यावर त्याचा दीड वर्षाचा मुलगा, रोमचा राजा, गादीवर बसवायचा आहे हे कोणालाच सुचले नव्हते. ज्या वंशपरंपरेसाठी १८०४ चा सगळा खटाटोप झाला, पहिली पत्नी जोझेफिन हिला सोडून ऑस्ट्रियाची राजकन्या आणली गेली, ती परंपरा एका सकाळीपुरतीही अस्तित्वात नव्हती. लोकांना जामीन हवा होता. जामीनदाराच्या घराण्याशी त्यांना देणेघेणे नव्हते.

तिकडे शत्रूही बदलले होते. येनाच्या पराभवानंतर प्रशियाने ऑक्टोबर १८०७ च्या हुकमाने भूदासत्व संपवण्याचा निर्णय घेतला आणि थोड्या काळाच्या शिक्षणातून मोठी राखीव फौज तयार ठेवली. क्रांतीचे शस्त्र, म्हणजे आपला देश म्हणून लढणारा सैनिक, आता दोन्ही बाजूंना होते. ऑक्टोबर १८१३ मध्ये लाइपझिगच्या रणांगणावर सॅक्सन तुकड्या भर लढाईत बाजू बदलून गेल्या, आणि युद्ध प्रथमच हिशेबाच्या खर्चाच्या रकान्यात आले. जमिनीवरील कर वाढले, बदली माणसाचा भाव मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेला, अठरा-एकोणीस वर्षांची मुले बंदूक कशी भरायची हे धड न शिकता आघाडीवर गेली. डिसेंबर १८१३ मध्ये विधिमंडळाने शांतता आणि नागरी हक्क यांची भीत भीत आठवण करून दिली, तर नेपोलियनने अधिवेशनच गुंडाळले.

१८१४ च्या आरंभीच्या त्याच्या लढाया लष्करी अभ्यासक्रमांत कौतुकाने शिकवल्या जातात आणि त्या कौतुकास्पद आहेतही. पण मार्चअखेर पॅरिस पडले तेव्हा त्याच्याच सिनेटने त्याला पदच्युत केले आणि त्याच्याच मार्शलांनी फाँतेनब्लो येथे पुढे लढायला नकार दिला. हे मार्शल, हे सिनेटर, हे प्रीफेक्ट सगळे क्रांतीने वर आणलेले आणि साम्राज्याने श्रीमंत केलेले होते. त्यांना कृतघ्न म्हणण्याची पद्धत आहे. गादीवर परत आलेल्या बूर्बाँ राजाने, अठराव्या लुईने, दिलेली सनद वाचल्यावर मला तसे म्हणवत नाही. तिच्यात सर्व मालमत्ता अभंग ठरवली होती, ‘राष्ट्रीय’ म्हणवली जाणारी मालमत्ताही त्यातच; दिवाणी संहिता कायम, नव्या सरदारांच्या पदव्या कायम, नेपोलियनने सुरू केलेला लीजन ऑफ ऑनर हा सन्मान कायम. ज्या सौद्याला नेपोलियन जामीन होता त्यावर आता खुद्द मूळ मालकाच्या राजाने सही केली होती. मग जामीनदाराची गरज कशाला उरते?

याचा उलट पुरावा लगेच वर्षभरात मिळतो. परतलेले उमराव गावोगावी जुन्या हक्कांची भाषा बोलू लागले, धर्मोपदेशक खरेदीदारांना प्रवचनांतून शाप देऊ लागले, आणि डिसेंबर १८१४ मध्ये न विकलेल्या जमिनी जुन्या मालकांना परत देण्याचा कायदा झाला. विकलेल्या जमिनींची पाळी उद्या येणार, असे प्रत्येकाला वाटले. १ मार्च १८१५ रोजी नेपोलियन एल्बा बेटावरील हद्दपारीतून निसटून मूठभर सैनिकांनिशी दक्षिण किनाऱ्यावर उतरला आणि वीस दिवसांत पॅरिसला पोहोचला, तेव्हा वाटेत त्याच्यावर झाडलेली गोळी सापडत नाही. लियाँ येथे त्याने काढलेल्या हुकमांत सरंजामी पदव्या रद्द करणे आणि परागंदांना हाकलणे हेच विषय आहेत. आपली किंमत कशात आहे हे त्याला अचूक ठाऊक होते. पण याच वेळी सारा युरोप सैन्य गोळा करीत होता, म्हणजे हमीबरोबर पुन्हा युद्ध येणार होते, आणि ते फ्रान्सला पेलणार नव्हते. १८ जूनला वॉटर्लू येथे वेलिंग्टन आणि प्रशियाचा ब्ल्यूखर यांनी निकाल लावला, आणि चार दिवसांनी त्याने दुसऱ्यांदा गादी सोडली.

परीक्षेत ‘नेपोलियन हा क्रांतीचे अपत्य होता की तिचा मारेकरी’ असा प्रश्न आला तर दोन्ही बाजू समसमान तोलून मधली वाट काढू नका. क्रांतीतील कोणत्या गोष्टी त्याने राखल्या आणि कोणत्या मोडल्या हे वेगळे करा, आणि राखलेल्या गोष्टींच्या बदल्यात मोडलेल्या गोष्टी कोणी खुशीने सोडल्या ते सांगा. पुरावा म्हणून १८२५ सालचा एक कायदा वापरता येईल. तेव्हा गादीवर दहावा चार्ल्स होता, बूर्बाँ घराण्यातील सर्वांत कडवा राजनिष्ठ, नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर मरून चार वर्षे झालेली, आणि परागंदांना विरोध करील अशी सत्ता कोठेच नव्हती. त्या सरकारनेही जुन्या मालकांना भरपाई दिली ती सरकारी रोख्यांत, तिला लोक ‘परागंदांचे अब्ज’ म्हणत. लिलावात विकली गेलेली जमीन मात्र ज्याच्या नावावर होती त्याच्याच नावावर राहिली.